दादाचा टेट्रिस कधीच हिरवा नव्हता : जुन्या हँडहेल्ड गेमसाठी शेडर निवडतानाचं एक प्रकरण

## पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या आतेभावाच्या घरातलं. त्याला विचारून लिहितोय. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी त्याला दादा म्हणतो, इथेही तेच म्हणेन.

२००२ साली दादा इंजिनिअरिंगला होता, होस्टेलवर राहायचा. मस्कतला नोकरी करणारे माझे काका त्या वर्षी सुट्टीवर आले आणि भाच्यासाठी गेम बॉय अॅडव्हान्स हे हातात धरून खेळायचं गेम मशीन घेऊन आले. सोबत दोन कॅसेट होत्या, ‘मारिओ कार्ट : सुपर सर्किट’ आणि ‘कॅसलव्हेनिया : सर्कल ऑफ द मून’. अॅडव्हान्समध्ये आधीच्या गेम बॉयच्या कॅसेटही चालायच्या, म्हणून पुढे एका सीनियरकडून त्याने ‘टेट्रिस’ मिळवला. तीन कॅसेट आणि दोन पेन्सिल सेल यांवर त्याची होस्टेलची वर्षं गेली. एका जोडीवर साधारण १५ तास चालायचं ते मशीन. नोकरी लागल्यावर ते ट्रंकेत गेलं, सेल आतच राहिले.

मशीनबद्दल दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. त्याची स्क्रीन २.९ इंची, २४०×१६० पिक्सेलची होती. आणि त्या स्क्रीनला स्वतःचा प्रकाश नव्हता. खोलीतला उजेड काचेतून आत जायचा, मागच्या थरावरून परत यायचा आणि तेवढ्यावर चित्र दिसायचं. २००१ मध्ये ते मशीन आलं तेव्हा सगळ्यांची मुख्य तक्रार हीच होती. २००३ च्या एसपी मॉडेलमध्ये समोरून दिवा आला, पण दादाकडे पहिलंच मॉडेल होतं.

गेल्या वर्षी दादाच्या वाढदिवसाला वहिनीने जुने गेम चालवणारं एक हँडहेल्ड मागवलं. स्क्रीन साडेतीन इंची, ६४०×४८०, आत रेट्रोआर्क, म्हणजे जुन्या मशीनचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर. मागवण्याआधी तिने मला विचारलं होतं, ‘कुठलं चांगलं?’ मी किंमत, बटणं आणि बॅटरी बघून एक नाव सांगितलं. कॅसेट दादाच्याच होत्या. यूएसबी रीडर लावून मी त्यांतला डेटा वाचून घेतला आणि मेमरी कार्डवर ठेवला.

## अडचण

दादाने मारिओ कार्ट सुरू केला, दोन फेऱ्या मारल्या, मग कॅसलव्हेनिया उघडला आणि दहा मिनिटांत मशीन टीपॉयवर ठेवलं. ‘छान आहे रे. पण हे ते नाही.’

वहिनीचा चेहरा उतरला. मी विचारलं, ‘म्हणजे नक्की काय?’ त्याला नीट सांगता येईना. खूप खोदल्यावर दोन तक्रारी निघाल्या. रंग भडक आहेत. आणि चित्र बाजूला सरकलं की त्यात लाटा आल्यासारख्या वाटतात.

दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्हींची कारणं चोख सांगता येतात.

लाटांचं कारण भागाकारात आहे. मूळ चित्र २४० पिक्सेल रुंद, नवी स्क्रीन ६४०. भाग जातो २.६७, म्हणजे नेमकं ८/३. गेमच्या तीन पिक्सेलना स्क्रीनवरच्या आठ उभ्या ओळी वाटून द्यायच्या. काही न करता वाटल्या तर वाटणी होते ३, ३, २. म्हणजे दर तिसरा पिक्सेल बारीक. चित्र स्थिर असताना हे कळत नाही. पण कॅमेरा सरकला की एखादी उभी रेघ कधी जाड होते, कधी बारीक, आणि डोळ्याला लाट दिसते.

रंगांचं कारण जुन्या स्क्रीनमध्ये. अॅडव्हान्समध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या ३२ पायऱ्या, एकूण ३२,७६८ रंग. पण ती काळपट स्क्रीन हे रंग दाबून दाखवायची. काम करणाऱ्या चित्रकारांना ते ठाऊक होतं, म्हणून पुष्कळ गेममध्ये रंग मुद्दाम उजळ आणि भडक भरले गेले. आजची प्रकाशित स्क्रीन काही दाबत नाही. जे जुन्या स्क्रीनवर मंद दिसेल हे धरून उजळ भरलं, ते आता उजळच दिसतं.

कॅसलव्हेनियाचं मात्र उलटं. तो अॅडव्हान्सबरोबर आलेल्या पहिल्या गेमांपैकी, आणि त्यात रंग पुरेसे उजळलेलेच नव्हते. मूळ मशीनवर तो इतका काळोखी दिसायचा की लोक दिव्याखाली तिरपं धरून खेळायचे. एकाच मशीनच्या दोन कॅसेट, आणि दोघींचे प्रश्न विरुद्ध दिशेचे. हे मला तेव्हा माहीत होतं. पण दादासाठी सेटिंग करताना मी त्याचा विचार केला नाही.

## पर्याय

फिल्टर आणि शेडर हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात. ढोबळ फरक असा की फिल्टर मुख्य प्रोसेसरवर चालतो. शेडर हा ग्राफिक्स चिपला दिलेला छोटा प्रोग्रॅम असतो, आणि स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी तो एकदा चालतो. दोघांचं काम एकच, गेमने काढलेलं छोटं चित्र मोठ्या स्क्रीनवर कसं मांडायचं ते ठरवणं.

माझ्यासमोर चार वेगवेगळे प्रश्न होते आणि प्रत्येकाला दोनतीन उत्तरं होती. सुरुवातीला मी ते एकत्र कालवले. इथे सुटे करून मांडतो.

पहिला प्रश्न मापाचा. पूर्णांकातच वाढवायचं ठरवलं तर २ पट, म्हणजे ४८०×३२०. चित्र लखलखीत धारदार, लाट नाही. पण ते स्क्रीनची बरोबर निम्मी जागा घेतं. साडेतीन इंची स्क्रीन सुमारे ७१ मिमी रुंद असते, त्यावर हे चित्र ५३ मिमीचं होतं. मूळ अॅडव्हान्सची स्क्रीन ६१ मिमी रुंद होती. म्हणजे नवं मशीन घेऊन चित्र जुन्यापेक्षा लहान! दुसरा मार्ग पूर्ण रुंदी वापरायची आणि बायलिनिअर लावायचं, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांचे रंग एकमेकांत मिसळायचे. लाट जाते, पण सगळं चित्र चष्म्यावर वाफ आल्यासारखं होतं. तिसरा मार्ग शार्प-बायलिनिअर. यात चित्र आधी पूर्णांकात मोठं करतात आणि उरलेली थोडी वाढ मऊपणे करतात. पिक्सेलचा मधला भाग कोरा राहतो, फक्त दोन पिक्सेलच्या सीमेवरची ओळ मिश्र रंगाची होते. आपल्या आठ ओळींच्या हिशेबात साधारण दोन ओळी मिश्र, सहा स्वच्छ.

दुसरा प्रश्न कडा गुळगुळीत करायच्या का. या घराण्यातलं सर्वांत साधं उदाहरण स्केल-टू-एक्स. एका पिक्सेलचे वरचा, खालचा, डावा, उजवा असे शेजारी बघायचे आणि जिथे दोन शेजारी जुळतात तिथला कोपरा त्या रंगाने भरायचा. नवा रंग तयारच होत नाही. एचक्यू-टू-एक्स आठही शेजारी बघतो, कोण वेगळं आणि कोण सारखं याचे २५६ नमुने करतो आणि प्रत्येकासाठी ठरलेली मिसळ लावतो. एक्सबीआर त्याहून पुढे जाऊन कडेची दिशा ओळखायचा प्रयत्न करतो. चेहरे, फळं, ढग यांवर हे सुंदर दिसतं. माझं मत मात्र ठाम आहे. १६ पिक्सेलच्या चौकोनात चित्रकाराने प्रत्येक ठिपका हाताने बसवलेला असतो, आणि हे फिल्टर त्याच्या वतीने अंदाज करतात. अंदाज चुकला की डोळ्याच्या जागी डाग येतो.

तिसरा प्रश्न जाळीचा. जुन्या एलसीडीवर पिक्सेलांमध्ये बारीक काळपट फटी दिसायच्या. एलसीडी-ग्रिड प्रकारचे शेडर ती जाळी पुन्हा काढतात. पुष्कळांना खरेपणा म्हणजे हीच जाळी वाटते. पण तिला जागा लागते. ३ पट वाढवलेल्या चित्रात एक पिक्सेल म्हणजे नऊ ठिपके. एक आडवी आणि एक उभी ओळ काळी केली तर उरले चार. निम्म्याहून जास्त प्रकाश गेला. १० पट चित्रात मात्र शंभरातले ८१ ठिपके उरतात. १६००×१४४० स्क्रीनच्या अॅनालॉग पॉकेट या आधुनिक हँडहेल्डवर गेम बॉयचं चित्र बरोबर १० पट बसतं, म्हणून तिथे जाळी इतकी देखणी दिसते. आपल्या ८/३ च्या मापात तर जाळीच्या रेघा सारख्या अंतरावरही पडत नाहीत. तिथे जाळी म्हणजे नवी लाट.

चौथा प्रश्न रंगांचा, आणि त्याला चिकटून हालचालीचा. रंग सुधारायला एमजीबीए या कोअरमध्येच, म्हणजे रेट्रोआर्कमधल्या प्रत्यक्ष गेम चालवणाऱ्या भागातच, कलर करेक्शनची सोय आहे. तेच काम करणारे वेगळे शेडरही आहेत. हालचालीसाठी इंटरफ्रेम ब्लेंडिंग, म्हणजे मागची फ्रेम (क्षणापूर्वीचं चित्र) थोडी आताच्या फ्रेममध्ये मिसळायची. जुन्या स्क्रीन संथ होत्या, आणि काही गेम त्या संथपणाचा फायदा घ्यायचे. सावली किंवा धूर एक फ्रेम दाखवायचा, पुढची वगळायची. स्क्रीनला तेवढ्यात बदलायला वेळ मिळायचा नाही आणि वस्तू अर्धपारदर्शक वाटायची. आजच्या स्क्रीनवर तीच सावली नुसती फडफडते. अशा गेमला ब्लेंडिंग हवंच. या तीन कॅसेटमध्ये मला तशी गरज दिसली नाही.

## काय केलं, आणि कुठे घसरलो

पहिल्या रात्री मी उत्साहात सगळं एकदम लावलं. शार्प-बायलिनिअर, जाळी, रंगदुरुस्ती. टेट्रिससाठी तर खास मेहनत घेतली. १९८९ च्या पहिल्या गेम बॉयची १६०×१४४ ची स्क्रीन, चार छटा आणि तो ओळखीचा शेवाळी हिरवा रंग. चित्र ३ पट, ४८०×४३२. तिथे पूर्णांकही जुळतो. मला वाटलं, दादा हे बघून हेलावेल.

त्याने बघितलं आणि विचारलं, ‘हा हिरवा का आहे?’

मी समजावायला लागलो, की मूळ गेम बॉय असाच दिसायचा. त्याने मान हलवली. ‘असेल. पण माझ्याकडे तो कुठे होता? माझा टेट्रिस कधीच हिरवा नव्हता. आणि एवढा चौकोनीही नव्हता, रुंद होता.’

रुंद? क्षणभर मला वाटलं, त्याची आठवण चुकतेय. मग लक्षात आलं आणि कानशिलं गरम झाली. अॅडव्हान्सवर जुनी कॅसेट चालवताना खांद्यावरचं एल किंवा आर बटण दाबलं की चित्र आडवं ताणलं जायचं. उंची १४४ च राहायची, रुंदी १६० ची २४० व्हायची. दादा चार वर्षं ताणलेला टेट्रिस खेळला होता. त्याच्या ठोकळ्यांचे चौकोन चौकोन नव्हतेच. रंगाचंही तसंच. अॅडव्हान्स जुन्या कॅसेटला गेम बॉय कलरसारखी वागवायचं, आणि सुरुवातीला नाव झळकत असताना डावी कळ आणि बी दाबलं की चित्र राखाडी छटांमध्ये यायचं. दादा रोज तेच करायचा. आज विचारलं तरी अंगठा आपोआप तिकडे गेला.

या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा टप्पा. तोपर्यंत मी ‘मूळ मशीन कसं होतं’ याचं उत्तर शोधत होतो. विचारायला हवं होतं, ‘तू कशावर खेळायचास, कुठे बसून, काय दाबून?’

दुसरी चूक तांत्रिक. मारिओ कार्टमध्ये रंग चिखलासारखे झाले होते आणि मला कारण सापडेना. एमजीबीएमधली रंगदुरुस्ती चालू होती आणि वरून शेडरचीही होती. तीच दुरुस्ती दोनदा. तास गेला. यावरून एक सवय लावून घेतली आहे : रंगदुरुस्ती एकाच जागी करायची, आणि ती शक्यतो कोअरमध्ये. शेडर बदलताना मग रंगांना हात लागत नाही.

तिसरी चूक सेव्ह करण्याची. मी प्रीसेट, म्हणजे शेडरच्या सेटिंगचा संच, ‘ग्लोबल’ म्हणून साठवला, आणि सकाळी पुतणीने दुसराच एक गेम उघडला तर त्यालाही जाळी. रेट्रोआर्कमध्ये प्रीसेट कोअरपुरता, फोल्डरपुरता किंवा एका गेमपुरता साठवता येतो. हे प्रकरण तीन कॅसेटचं होतं, गेमपुरताच साठवायला हवा होता.

एक अडथळा मात्र माझ्या चुकीचा नव्हता. एका मित्राने त्याच्या कॉम्प्युटरवरचे आवडते प्रीसेट पाठवले, ते या मशीनवर दिसेनातच. ते स्लँग प्रकारचे होते, ते व्हल्कन किंवा जीएलकोअर ड्रायव्हरवर (ड्रायव्हर म्हणजे ग्राफिक्स चिपशी बोलणारा भाग) चालतात. हे मशीन साध्या जीएल ड्रायव्हरवर होतं, तिथे जीएलएसएल प्रकारचेच शेडर चालतात. बहुतेक शेडरच्या दोन्ही आवृत्त्या मिळतात, फक्त योग्य फोल्डरमध्ये शोधावं लागतं.

तीन दिवसांनी मी सगळं काढून टाकलं आणि कोऱ्या पाटीपासून सुरुवात केली. या वेळी क्रम ठरवला. आधी माप, मग रंग, मग हालचाल, जाळी सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रत्येक गेममध्ये एक जागा निवडून सेव्ह स्टेट केला, म्हणजे दरवेळी तेच दृश्य समोर येईल. मारिओ कार्टची सुरुवातीची रेघ आणि कॅसलव्हेनियातलं पहिलं तळघर. पर्यायांना नावं दिली नाहीत, नुसतं क, ख, ग. जेवणं झाल्यावर त्याच दिवाणावर, त्याच ट्यूबलाइटखाली प्रत्येकाने एकेक मिनिट खेळायचं आणि चिठ्ठीवर अक्षर लिहायचं. आधी मी मोबाइलवर फोटो काढून तुलना करायला गेलो होतो, ते फुकट गेलं. कॅमेऱ्याचे पिक्सेल आणि स्क्रीनचे पिक्सेल एकमेकांत अडकून फोटोत नसलेले पट्टे दिसतात.

मापाचा निकाल दहा मिनिटांत लागला. २ पट चित्र मला स्वतःला सर्वांत आवडलं. पण दादाला चाळिशी लागली आहे. छोटं चित्र बघायला तो मशीन लांब धरायचा, मग आणखी छोटं दिसायचं. बायलिनिअर कुणालाच नको होतं. शार्प-बायलिनिअरवर तिघांचं एकमत झालं. दादाने सरकत्या भिंतीकडे बघून विचारलं, ‘लाटा कुठे गेल्या?’

गुळगुळीत कडांवर घरात वाद झाला. पुतणीला मारिओचा चेहरा एचक्यू-टू-एक्समध्ये फार आवडला. ‘काका, हे कार्टूनसारखं झालं!’ खरंच झालं होतं. पण गाडी सुटली तसा रस्ता उकळल्यासारखा हलायला लागला. तिथे जमिनीचं चित्र दर फ्रेमला फिरवून, ताणून दाखवलं जातं, त्यामुळे पिक्सेलचे शेजारी दर फ्रेमला बदलतात. फिल्टर त्या प्रत्येक फ्रेममध्ये नव्या कडा शोधतो आणि दरवेळी वेगळे वळसे काढतो. स्थिर चित्रावर निवड केली असती तर हाच जिंकला असता. पुतणीचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून तो वेगळा प्रीसेट ठेवला आणि पुढचा-मागचा शेडर निवडायची शॉर्टकट बटणं जोडून दिली. आता ती गाडी निवडण्याच्या पडद्यावर तो लावते, शर्यत सुरू झाली की काढते.

ब्लेंडिंग मारिओ कार्टमध्ये लावून बघितलं. दादा म्हणाला, ‘रस्ता चिकट वाटतोय.’ काढलं. जाळी ८/३ च्या मापात बसत नव्हतीच. तिची दहा टक्के फिकट आवृत्तीही बघितली, कुणाला फरक कळला नाही. जे कळत नाही त्याच्यासाठी बॅटरी कशाला जाळायची, म्हणून तीही काढली.

राहिले रंग. मारिओ कार्टमध्ये कोअरची रंगदुरुस्ती लावल्यावर दादा पहिल्यांदा काही न बोलता तीन शर्यती खेळला. वहिनीला ते चित्र मळकट वाटलं, तिने चिठ्ठीवर तसं लिहिलंही. मशीन दादाचं, म्हणून त्याचं मत धरलं.

कॅसलव्हेनियात तीच दुरुस्ती लावली आणि तळघर काळं झालं. अगदी खरं, अगदी मूळसारखं. मला वाटलं, दादाला हेच हवं असणार. त्याने दोन पायऱ्या चढल्या, थांबला, दुरुस्ती काढायला सांगितली. मग बराच वेळ मागच्या भिंतीकडे बघत राहिला. ‘इथे भिंतीवर एवढं काम आहे? मी हा गेम दोनदा संपवलाय. मला हे कधी दिसलंच नाही.’

## निष्पत्ती

शेवटी तीन कॅसेटना तीन उत्तरं मिळाली. मारिओ कार्ट : पूर्ण रुंदी, शार्प-बायलिनिअर, रंगदुरुस्ती चालू. कॅसलव्हेनिया : माप तेच, दुरुस्ती बंद, मशीनचा ब्राइटनेस निम्म्यावर. टेट्रिस : राखाडी छटा आणि मुद्दाम ताणलेलं ६४०×३८४ चं चित्र. आडवं ४ पट, उभं ८/३. कुठल्याही जाणकाराने बघितलं तर म्हणेल, प्रमाण चुकलंय. दादाच्या बोटांना मात्र ते लगेच ओळखीचं वाटलं, कारण ठोकळा किती सरकला हे त्याचे डोळे त्याच रुंदीवर मोजायला शिकले होते.

महिन्याभराने आणखी एक गोष्ट घडली. वहिनीने ट्रंक काढली आणि जुनं मशीन सापडलं. आतले अल्कलाइन सेल फुटून पांढरा थर जमला होता. इअरबडला व्हिनेगर लावून मी टोकं पुसली, सुकू दिली, नवे सेल घातले. ते चालू झालं!

दोन्ही मशीन शेजारी ठेवून बघितलं. खिडकीत, सकाळच्या उजेडात, मारिओ कार्टचा दुरुस्त केलेला लाल आणि जुन्या स्क्रीनवरचा लाल खूप जवळचे निघाले. त्याचा मला फार आनंद झाला, कारण तोपर्यंत ती निवड केवळ दादाच्या शब्दावर होती. पण ट्यूबलाइटखाली जुनं मशीन दादाच्या आठवणीपेक्षा कितीतरी काळं होतं. तो दोनदा म्हणाला, ‘एवढं अंधारं होतं?’ वीस वर्षांत त्याच्या डोक्यात ती स्क्रीन उजळत गेली होती. जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करून दिली असती तरी तो ‘हे ते नाही’ म्हणाला असता, असं मला आता वाटतं.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, वहिनीने ‘कुठलं चांगलं’ विचारलं तेव्हा मी उलट विचारायला हवं होतं की दादा कुठल्या मशीनवरचे गेम खेळणार. अॅडव्हान्सचं चित्र ३:२ प्रमाणाचं. ७२०×४८० स्क्रीनची हँडहेल्ड मिळतात, त्यावर ते बरोबर ३ पट बसतं, एकही ओळ मिश्र न होता. गेम बॉयचं चित्रही ३ पट बसतं. दादाचा ताणलेला टेट्रिस ७२०×४३२ चा झाला असता, त्यात उभं ३ पट बसतं, आडवं मात्र ४.५ पट. तो सोडला तर शार्प-बायलिनिअरची गरजच उरली नसती आणि फिकट जाळीही सारख्या अंतरावर लावता आली असती. अर्धं काम खरेदीच्या वेळीच झालं असतं. तो सल्ला माझा होता, त्यामुळे ही चूकही माझी. वहिनीला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘आता दादा हे मशीन देणारच नाही कुणाला.’

ट्रंक आधी उघडायला हवी होती, हे उघड आहे. व्हिनेगर आणि कापूस यांनी जे अर्ध्या तासात कळलं, त्यासाठी आम्ही तीन आठवडे चिठ्ठ्या लिहिल्या. तरी मूळ मशीन पहिल्या दिवशी समोर असतं तर मी त्याचीच नक्कल करत बसलो असतो आणि कॅसलव्हेनियाची भिंत काळीच राहिली असती, अशीही शक्यता आहे. याबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

वहिनीच्या ‘मळकट’ या चिठ्ठीकडेही मी नीट लक्ष द्यायला हवं होतं. ती जुनं मशीन कधी खेळली नव्हती, म्हणून तिचं मत मी बाजूला सारलं. पण आज संध्याकाळी मशीन तिच्याच हातात जास्त असतं. परवा तिच्यासाठी दुरुस्ती बंद केलेलं मारिओ कार्टचं दुसरं सेटिंग करून दिलं. ते तिने चिठ्ठी लिहिली तेव्हाच करायला हवं होतं.

टीव्हीचं काम अजून बाकी आहे. मशीनला एचडीएमआय आहे आणि १०८० ओळींच्या टीव्हीवर अॅडव्हान्सचं चित्र ६ पट बसतं, १४४०×९६०. तिथे छत्तीस ठिपक्यांतले पंचवीस उरतात, म्हणजे जाळीला पहिल्यांदाच पुरेशी जागा आहे. दिवाळीत करून बघू.

पुतणीला टेट्रिस रुंद आवडत नाही. तिच्यासाठी ४८०×४३२ चा, चौकोनी ठोकळ्यांचा वेगळा प्रीसेट आहे. त्या कॅसेटमध्ये स्कोअर साठवायची सोय नाही, बंद केलं की पुसला जातो. त्यामुळे दोघांचे स्कोअर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहिले जातात, ‘रुंद’ आणि ‘चौकोनी’ अशा दोन रकान्यांत.